द्वादशीचे दूध

ज्याच्या कृपेवाचून शब्द उमटत नाही आणि उमटलेला शुद्ध राहत नाही, तो नारायण हा लिहिणारा हात आज स्थिर ठेवो.

अण्णा, आज पौष वद्य द्वादशी. आईचे श्राद्ध उद्या, त्रयोदशीला. एकोणीस वर्षे आपल्या घरी ते त्याच तिथीला होत आले, कारण आई त्रयोदशीच्या पहाटे गेली असे तुम्हीच मला सांगितले होते. आज सकाळी कळले की ते खरे नव्हते. तेव्हापासून मी देवघरासमोर बसून आहे आणि रोजचे मंत्र मला आठवेनासे झाले आहेत.

वाईच्या पाठशाळेतली विद्या संपवून मी प्रथम घरी आलो, तो दिवस डोळ्यांसमोर आहे. आजोबांचे श्राद्ध आहे. आई सोवळ्यात वड्यांचे पीठ भिजवते आहे. मी पंचांगावर ओझरती नजर टाकून मोठ्या तोऱ्यात तिथी सांगतो आणि ती चुकते. तुम्ही आवाज चढवीत नाही. एवढेच म्हणता, “तिथी चुकली की पितर दाराशी येतात आणि उपाशी परत जातात. पुन्हा पाहा.” त्या एका वाक्यावर मी पुढे आयुष्य काढले. वाईला धर्मशास्त्र शिकविले, आणि तुमच्या निधनानंतर या गावी येऊन राहिल्यावर मार्गासनीपासून भोंगवलीपर्यंतचे लोक तिथीचा निर्णय माझ्याकडून नेऊ लागले.

धनगरवाड्यावरची मावशी तुम्हांला आठवत असेलच. आईची या रानातली एकुलती मैत्रीण. दरवर्षी श्राद्धाच्या खिरीसाठी ती गाईचे दूध घेऊन येते आणि दरवर्षी एक दिवस आधी येते. मी हसून म्हणायचो, “काय मावशी, यंदाही तुमच्या वाड्यावर चंद्र आधीच उगवला वाटतं?” ती म्हणायची, “तुमी पोथी वाचा, म्या दूध घालते.” आणि लोटा उंबऱ्याशी ठेवून निघून जायची. श्राद्धाला शिळे दूध चालत नाही, म्हणून ते मी वासराला घालीत असे. अण्णा, इतकी वर्षे मी ते वासराला घातले.

आज सकाळी ती आली तेव्हा तुमच्याच शाळेतून प्रभातफेरी निघाली होती. सव्वीस जानेवारी, स्वातंत्र्याच्या प्रतिज्ञेचा दिवस. संस्थान विलीन झाल्यावर आमच्या गावात तो उघडपणे प्रथमच पाळला गेला. मी सवयीने तेच बोललो. ती हसली नाही. तिला आता धड दिसत नाही; फडफड ऐकून तिने विचारले, “त्यो झेंडाच न्हवं?”

“झेंडाच. का?”

“आता कुनी धरत न्हाई त्येच्यापायी?”

“नाही मावशी. आता कोण धरणार?”

“मंग म्या कशाला आन पाळू?” ती पायरीवर बसली. “मास्तरांनी मला बिरुबाची आन घातली हुती. तुजी आय तेरशीला न्हाई गेली, लेकरा. बारशीला गेली. आदल्या दिशी तिची एकादस हुती. सकाळी म्हनली, उपास सोडाया घोटभर दूध दे. म्या पाजलं. दिस कलला तवा माज्या मांडीवर गेली.”

“आणि अण्णा?”

“नदीपल्याड, संस्थानाच्या भाईर. झेंड्याम्होरं हात वर करून शपथ घ्याची हुती. जाईनात, तर तिनंच धाडलं. ‘जावा वो, म्या काय आजच मरत न्हाई,’ म्हनली. दुसऱ्या दिशी उजाडता आले. दारातच बसले. मंग म्हनले, आज पहाटं गेली म्हन. कुठं हुतो ते कळलं तर नोकरी जाईल. घर शाळंमागं, वस्ती लांब. कुनाला कळायचं?”

तुमचा निरोप्या वाईला पोचल्यावर मी मांढरदेवीच्या घाटाने आलो, तेव्हा तुम्ही मला म्हणाला होता, “माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं.” ज्या माणसाने मला एका तिथीसाठी पुन्हा पंचांग पाहायला लावले, त्याने! मृत्युदिन ठाऊक नसेल तर अमावास्येला श्राद्ध करावे, असे शास्त्र सांगते. ठाऊक असून पतीने लपविला तर काय, हे मला कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. प्रत्येक द्वादशीला आई दाराशी येत असेल, आणि आत तिचा पंडित मुलगा उद्याची दर्भ-तिळांची जुळवाजुळव करीत असेल.

एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात, हे गणित मीच शिकविले आहे. यंदा त्या दोन्ही माझ्या उंबऱ्यावर एकत्र आल्या.

आज दूध वासराला घातले नाही. सांगितलेले ब्राह्मण उद्या यायचे, पिंडांची तयारी नव्हती. तिळपाणी सोडले आणि ते दूध तसेच आईपुढे ठेवले. संकल्पात “द्वादश्याम्” म्हणताना जीभ अडखळली. उद्या ब्राह्मणांना काय सांगायचे, ते अजून ठरलेले नाही.

हे पत्र कोठे धाडणार? पंचांगातच ठेवीन. एक मात्र कबूल करतो. मावशीने नदीपल्याडची गोष्ट काढली, तेव्हा आईसाठी रडू फुटण्यापूर्वी क्षणभर मला तुमचा अभिमान वाटला. हे आईला सांगू नका.

पुढे कधी जो कोणी हे वाचील, त्याच्या घरचे पितर तृप्त असोत, आणि त्याच्या दारी आलेले दूध कधी परत न जावो.