हेल्मेट क्रमांक चौदा कापल्याचा खुलासा

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
क्रीडासंकुल कार्यालय, पहिला मजला.

विषय : हेल्मेट क्र. १४ कापल्याचा खुलासा व उरलेली तेवीस हेल्मेटे रद्द करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले ज्ञापन क्र. ३७, 'मालमत्तेची नासधूस'.

महोदय,

सविनय सादर करतो की, सायकल ट्रॅकच्या भांडारातील हेल्मेट क्र. १४ मीच करवतीने उभे कापले. शुद्धीवर असताना कापले. करवतही भांडारातलीच होती, तिची नोंद केली आहे.

१. आपल्या नियमाप्रमाणे हेल्मेट रद्द करायचे तर नुकसान 'डोळ्यांना दिसले' पाहिजे. पण हेल्मेटचे दुखणे आत असते. वरचे कवच शाबूत राहते. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो, डोके वाचवतो आणि संपतो. म्हणून एकदा आपटलेले हेल्मेट, तडा दिसो वा न दिसो, बदलायचे. खोक्यासोबत आलेल्या कागदावर हे छापलेले आहे. त्या कागदावर आपल्या कार्यालयाने 'अनावश्यक' असा शेरा मारला आहे.

२. त्यात आपली वार्षिक तपासणी. तिच्या आठवडाभर आधी सगळ्या हेल्मेटांना पिवळा ऑइलपेंट द्यायचा, ही इथली रीत. नऊ वर्षांत नऊ हात झाले. तडे बुजले, बनवल्याची तारीख बुजली, आणि रंगाने कवच कमजोर होते ते वेगळेच. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो हाच. मागल्या तपासणीत 'भांडार नव्यासारखे' म्हणून मला प्रशस्तिपत्र मिळाले. मी ते भिंतीवर लावलेही होते, मूर्खासारखे.

३. आता ज्ञापनात न विचारलेले. क्र. १४ घालून शिंप्याची मुलगी दोनदा पडली. पहिल्यांदा वळणावर, चांगलीच आपटली, पण हसत उठली. मी हेल्मेट पुसले, ओरखड्यावर पिवळा हात मारला आणि पुढच्या आठवड्यात तिलाच दिले. "काका, नवंकोरं दिलंत की!" म्हणाली. दुसऱ्यांदा पडली ती निम्म्या जोरानेही नाही, पण या वेळी हसत उठली नाही. गेले दोन महिने ती बापाचा हात धरून भांडाराच्या खिडकीशी येते आणि विचारते, "काका, माझा नंबर कुठला होता?" मी सांगतो. फाटकापर्यंत जाऊन परत येते आणि तेच विचारते. तिचा बाप दर वेळी मला नमस्कार करतो. चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

म्हणून मी करवत घेतली आणि मार बसला होता बरोबर तिथून कापले. नऊ हात रंगाखाली थराचा भुगा निघाला.

४. आपला आदेश असा की, सोमवारच्या शिबिरात उरलेली तेवीस हेल्मेटे वाटावीत आणि मी माफीनामा द्यावा. दोन्ही होणार नाही. माफी मी शिंप्याच्या दुकानात जाऊन, मशीन थांबेपर्यंत उभा राहून मागितली आहे. ती दोनदा मागायची नसते. हेल्मेटे कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. मला खुशाल निलंबित करावे, किल्ली रीतसर सुपूर्द करीन. मात्र ताबा घेणाऱ्याने प्रत्येक हेल्मेटसमोर 'हे मी माझ्या लेकराला घालीन' असे लिहून सही करावी. नोंदवहीत तसा रकाना आखून ठेवला आहे. पहिली सही आपली असावी, ही विनंती.

तरी तेवीसही हेल्मेटे रद्द व्हावीत आणि नवी येईपर्यंत शिबिर पुढे ढकलावे. 'नुकसान दिसत नाही' हे उत्तर कृपया पुन्हा देऊ नये. दिसावे म्हणूनच सोबत पाठवले आहे.

आपला नम्र, पण या बाबतीत नाही,
(सही)
भांडारपाल, सायकल ट्रॅक
दिनांक : ११ मार्च

सोबत :
१. प्रशस्तिपत्र, परत.
२. हेल्मेट क्र. १४, उजवा अर्धा भाग. डावा माझ्याकडे ठेवला आहे. हा रंगवला गेला तर लागेल.