गोधडीची चौथी बाजू

५ जानेवारी १९८३, बुधवार

तोंड बंद! पालघरच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि निकाल दिला — आवाजाच्या पडद्यावर गाठ. साधीच आहे, पण महिना-दीड महिना बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. मी खिशातला कागद काढून लिहिलं, 'श्वास घेऊ का?' ते हसले नाहीत.

सफाळ्याचं भाषण भोवलं. 'मुहूर्त, दृष्ट आणि विटाळ'. माईक मध्येच बंद पडला, मी थांबलो नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू गेलं पाहिजे! गेलंही. आवाज तिथेच सफाळ्याला राहिला.

शिरगावात बातमी माझ्याआधी पोचली. मासळीवाली नवसी सुकट घेऊन दारात आली, तर टोपली उतरवायच्या आधीच — "काय भाऊ, तुमचं तोंड बंद तं गावात कवढी शांती हाय! माज्या कोंबड्यापन निजल्या." मंजुळा पदर तोंडाला लावून हसत होती. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मला उत्तर देता आलं नाही.

७ जानेवारी

पाटीवर वाद घालता येत नाही. मी वाक्य लिहीपर्यंत समोरचा निघून जातो.

९ जानेवारी, रविवार

आज एक गोष्ट झाली! नीट लिहायला हवी.

मंजुळा चिंध्यांचं गाठोडं सोडून बसली होती. मी येरझारा घालत होतो. ती म्हणाली, "अवो, तोंड नाय तं हात तरी चालवा," आणि सुईदोरा माझ्या हातात कोंबला. मीही हट्टी. बसलो. बसकर शिवायला घेतलं — पाटाएवढा तुकडा. खाली जुनं धोतर, मध्ये फाटकी चादर, वर ठिगळं. धावदोरा, एक ओळ, दुसरी ओळ. मान वर केली तर उन्हं पायरीवरून पार अंगणात गेली होती!

माझ्या कपाटात चार क्रांत्यांचे इतिहास आहेत. गोधडीवर एक पान नाही! टाकून दिलेले तुकडे एकमेकांना धरून ऊब देतात — यापेक्षा संघटनेची चांगली व्याख्या मी कुठे वाचली आहे?

बसकर वाकडं झालं. मांजर त्यावर लगेच बसलं.

१२ जानेवारी

चष्म्याचं घर शिवलं. भांडं उतरवायची दोन जाड फडकी शिवली. बोटाला सुया टोचून चाळण झाली, आता मंजुळेचं अंगुस्तान घालतो. तिचे टाके तांदळाच्या कण्यांसारखे, बारीक, सगळे एका मापाचे. माझे म्हणजे वाळूवरून खेकडा गेलेला. पण गेला तो सरळ गेला!

१५ जानेवारी, शनिवार

सुलू माहेरी आली. आठवा लागेल आता. जावईबापू तिला सोडून दुपारच्या गाडीने परत गेले. पोरगी जिना चढल्यासारखी ओटा चढते, एक हात पोटावर. मागची दोन पोटातच गेली. घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. मी तर आता कशाबद्दलच बोलत नाही.

पण ठरलं! नातवंडासाठी गोधडी. लहान, हातभर रुंद, दीड हात लांब. पाटीवर लिहून दाखवलं. सुलू म्हणाली, "दादा, तुमी? सुई? आधी फोटो काढून ठेवते." फार दिवसांनी हसली.

मंजुळा हसली नाही. "पोर हातात आल्याबिगर त्याचं कायबी शिवून पुरं करायचं नसतं," म्हणाली. "करायचंच असंल तं एक बाजू उघडी ठेवा. चौथी बाजू बाळ रडल्यावर शिवायची. माजी आय तसंच करायची."

पाटीवर लिहिलं — 'का?'

"का ते मला नाय ठाव."

'मग चारही बाजू शिवणार.'

"शिवा. मी तिला हात लावणार नाय."

सफाळ्याला दोन तास ज्याच्याविरुद्ध घसा फोडला, तेच माझ्या ओट्यावर! जो सभेत 'नाही' म्हणतो आणि घरात 'बरं' म्हणतो, तो वक्ता नव्हे, भोंगा.

१८ जानेवारी

बळवंत बोईसरहून आला. कारखान्यात काम करतो, माझ्या सभांचे कापडी फलक त्याच्याच माळ्यावर असतात. चिंध्यांचं पोतं आणलं — काय रंग! हळदी, मोरपिशी, एकीवर तर बदकंच बदकं. आणि जुना तांबडा फलकही, त्यावर पांढरी अक्षरं: 'भीती सोडा, विचार करा'.

"भाऊ, हा उंदरांनी कुरतडला. फेकू का?"

फेकू नकोस! कापणार! शिवणार! बळवंतला वाटलं, गाठ डोक्यात गेली. म्हणाला, "आमचे ते यूपीवाले विचारतात, नेताजी कब बोलेंगे? आता काय सांगू, नेताजी गोधडी शिवतायत?"

पाटीवर लिहिलं — 'हो. तेच सांग.'

२२ जानेवारी

सर्वनाश! गोधडीची वरची बाजू जोडून झाली, बादलीत बुडवली, आणि फलकाचा तांबडा रंग सुटला! बदकं गुलाबी. हळदी नारिंगी. मंजुळेच्या जुन्या पातळाचा पांढरा तुकडा तर लग्नातल्या अक्षतांसारखा. अर्धा तास डोकं धरून बसलो.

नवसीने काठीने उचलून पाहिली. "झ्याक झालीय गो! सगली एकाच बापाची पोरं दिसतान आता."

खरंच! ठिगळं वेगवेगळी दिसत होती ती आता एका घरची दिसतात. मिठाच्या पाण्यातून काढून वाळत घातली. पुन्हा उत्साह!

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदनाला दर वर्षी माझं भाषण असतं. यंदा पहिल्या रांगेत गप्प बसलो. हेडमास्तर बोलले. थोडक्यात बोलले. लोकांना आवडलं. हे इथेच राहू दे.

३० जानेवारी, रविवार

झाली! चारही बाजू बंद! बरोबर मध्यावर 'विचार' हा शब्द आख्खा ठेवला, 'भीती'चे दोन तुकडे होऊन दोन कोपऱ्यांत गेले. कडेला बदकं. शेवटची गाठ मारली, दात लावून दोरा तोडला आणि मंजुळेसमोर पसरली.

तिने पाहिली. "ऊबदार हाय," एवढंच म्हणाली. हात मागे बांधलेले. सुलूने मात्र गालाला लावली आणि तशीच बसून राहिली.

गोधडी ट्रंकेत ठेवली. बोईसरच्या सभेची तारीख मार्चमधली घ्यायला बळवंतला कळवतो. मला विषय सापडलाय — हीच गोधडी व्यासपीठावर पसरणार!

४ फेब्रुवारी, शुक्रवार

सुलूच्या पोटात कळा. अजून दिवस भरले नाहीत. बळवंतच्या भावाचा टेम्पो मिळाला, पालघरला नेली. मंजुळा तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. वाटभर ती माझ्याकडे बघून एक शब्द बोलली नाही. 'मी सांगितलं होतं' — एवढंसुद्धा नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी

कळा थांबल्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंथरुणावरून हलवायचं नाही, तिथेच ठेवायचं. बाळाचे ठोके ठीक आहेत. आत्ता तरी. मंजुळा तिच्याजवळ आहे. मला कपडे आणायला घरी पाठवलं.

घरी आलो. कपडे काढायला ट्रंक उघडली. वरच गोधडी.

गोधडीचा आणि गर्भाशयाचा काही संबंध नाही. हे मला ठाऊक आहे. हे मी हजार माणसांसमोर सिद्ध करीन. मग मी सुई घेऊन ओट्यावर बसलो आणि चौथी बाजू उसवली. एक एक टाका. आपल्या मनाला सांगत होतो — मंजुळेला बरं वाटावं म्हणून करतोय. खोटं. मंजुळा तिथे नव्हती. तिला कळणारही नव्हतं. मी भ्यालो. पाटीवर सुद्धा लिहिता येणार नाही, म्हणून इथे लिहितो. भ्यालो.

गोधडी घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवली. कपडे पोचवले. सुलूजवळ मी बसलो आणि मंजुळेला अंघोळीसाठी घरी पाठवलं. ओट्यावर उसवलेल्या दोऱ्याचे तांबडे तुकडे तसेच पडले होते, ते झाडायचं राहूनच गेलं. तिला दिसले असतील. परत आली ती जेवणाचा डबा घेऊन.

९ फेब्रुवारी

सुलू ठीक. रोज पालघरला जाऊन येतो. तिच्या उशाशी बसून तिच्यासाठी चिंध्यांची इवलीशी पिशवी शिवतो. शेजारच्या खाटेवरची बाई विचारत होती, "बाबा मुके हायेत का गं?" सुलू म्हणाली, "आता हायेत."

१४ फेब्रुवारी

बळवंतचा निरोप — बोईसरची सभा सहा मार्चला पक्की. विषय काय छापू? पाटीवर 'गोधडी' लिहिलं आणि पुसून टाकलं.

१९ फेब्रुवारी, शनिवार

गाठ विरली! उद्यापासून हळूहळू बोला, म्हणाले डॉक्टर. पण पहिला शब्द कोणता बोलायचा ते ठरवलं नाही. थांबतो.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी!!

सकाळी आतून आवाज आला. काय आवाज! माईक नको, काही नको, शेवटच्या रांगेपर्यंत! मंजुळेने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून वळ आहे. मी बोललो. पहिला शब्द — "रडली!" घोगरा, फाटका. मंजुळा म्हणाली, "हळू. तुमच्यावरच गेलीय."

सुलू छान आहे. दमलीय, हसतेय. आता चौथी बाजू शिवायची. हक्काने!

२७ फेब्रुवारी, रविवार

आज दोघी घरी आल्या. सुई ओवली, चष्मा लावला, ट्रंकेतून गोधडी काढली. चौथी बाजू शिवलेली. टाके तांदळाच्या कण्यांसारखे.

"कधी?" मी विचारलं.

"तुमी उसवली त्याच दिवशी."

"बाळ यायच्या आधी? तू? तुला भीती नाही वाटली?"

ती बाळाचे लंगोट वाळत घालत होती. वळलीसुद्धा नाही. "वाटली ना. पन माजी भीती जुनी हाय, मला तिची सवय झालीय. तुमची नवी व्हती. ती मला बगवली नाय."