नमुन्यादाखल लसीकरण

नरसी नामदेव शिवार,
मंगळवार

तीर्थस्वरूप संगिताअक्का,

धाकट्या मामेभावाचा, म्हणजे शिवहारचा दंडवत. दाजींचं गुडघ्याचं दुखणं कमी असेल, लेकरांचा खोकला गेला असेल. आमी इकडं खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढचं वाचून तूच ठरव. फोन सोडून पत्र काहून, तर माझा मोबाइल मुंजाजीकाकांनी (म्हणजे तुझ्या सख्ख्या मामांनी) कमरेला खोचून ठेवलाय, अन् मागितला की काठीकडं बघतात.

हे सगळं तुझ्यामुळं झालं. दिवाळीत तूच म्हणालीस, डिग्री घेऊन नुसता मेंढरांमागं काय फिरतोस, मी एक नमुन्याची वेब सर्व्हिस लिहून देते, ती चालवून शिक. पायथनची स्क्रिप्ट यादी वाचणार, लसीची तारीख बघणार अन् मेंढपाळांना निरोप धाडणार. जावास्क्रिप्ट ते सगळं पानावर दाखवणार. दहा मिनिटांचं काम, म्हणालीस. अक्का, मला अकरा दिवस लागले. पहिले चार दिवस पायथन हूं की चूं करेना. (एका ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा जास्त पडली होती. आपल्याकडं माणूस पंगतीत हातभर सरकून बसला तरी वाढपी त्याला उपाशी ठेवत न्हाई.) जावास्क्रिप्टचं उलटं. ती कशालाच नको म्हणत न्हाई; चूक करा, गुमान चालते, अन् मग कोंडीबाच्या मेंढ्या किती, तर 'हा आकडा न्हाई' असं इंग्रजीत सांगते.

अकराव्या दिवशी दुपारी दोघींचं जमलं. नमुना म्हणून खोटी माहिती भर, हे तुझं सांगणं मला आठवत होतं. पण खोटा मोबाइल नंबर लिहावा तर तो कुणाचा तरी निघायची भीती. म्हणून आमच्या मेंढपाळ गटाच्या वहीतले त्रेचाळीस खरेच टाकले. (जनावरांच्या डॉक्टरांचाही त्यात होता.) निरोप लिहिला, 'उद्या सकाळी आठ वाजता मुंजाजीच्या शेतातल्या आखाड्यावर शेळ्यामेंढ्यांना पीपीआर रोगाची लस.' नमुन्याच्या सर्व्हिसचा निरोप खराखुरा जाईल, असं मला काय माहीत? मी बटन दाबलं, नेटसाठी मोबाइल कॉम्प्युटरलाच लावून ठेवला अन् मेंढरं घेऊन माळावर गेलो.

त्यात तू शिकवलं होतंस, लाइट गेली-आली तरी सर्व्हिस आपोआप उठली पाहिजे. ती उठली. त्या दुपारी लाइट सात वेळा गेली. सर्व्हिस सात वेळा उठली, अन् दर वेळी जन्मात पहिल्यांदाच उठल्यासारखा तोच निरोप सगळ्यांना धाडत राहिली.

सकाळी काकांच्या आखाड्यावर गलका ऐकून पळालो, तर तिथं चारेकशे जनावरं. निम्मी अंगणात, निम्मी काकांच्या घाट्यावर आलेल्या हरभऱ्यात. पंचफुलाकाकू चहाचं पातेलं चढवून बसलेली, अन् काका काठी घेऊन मधोमध.

"काहून रे शिवहार, ह्यांना मी बोलावलं?"

नमुना आहे, म्हणालो. "कशाचा नमुना? तूच एक नमुना हायेस!" म्हणून त्यांनी काठी उचलली. तेवढ्यात कोंडीबा मध्ये पडला. सगळ्यात आधी तोच आला होता, रातभर सात कोस चालून. मागल्या साली ह्याच रोगानं त्याची एकोणीस कोकरं गेली. "आठ बार सांगावा आला," तो म्हणाला, "म्हणलं आता रोग दारात आला. म्हणून निघालो." मला तर हरभऱ्यातच गाडून घ्यावंसं वाटलं. लस कुठं होती, अक्का?

ती आली. डॉक्टर अमरसिंग शीतपेटी घेऊन मोटारसायकलवरून उतरले. आठ निरोप म्हणजे वरून कडक हुकूम आला असं त्यांना वाटलं होतं. खरं कळल्यावर त्यांनी मला सगळ्यांसमोर झाडलं, मग पेटीकडं अन् गर्दीकडं बघून म्हणाले, "दोन महिने दारोदार बोलावून राहिलो, कुणी येत न्हाई. आता आलेच हायेत तर धरा एकेक." दुपारपर्यंत सगळ्यांना टोचून झालं. राहिली फक्त काकांची बारा शेरडं. ती भल्या पहाटेच चरायला लांब गेली होती.

तर तुझी सर्व्हिस मी बंद केली. पुन्हा ह्या भानगडीत पडणार न्हाई, अन् झालेल्या नुकसानीला लिहिणारी जबाबदार, असं मी काकांना स्पष्ट सांगितलंय. दाजींना रामराम, लेकरांना मुका, तुला नुसता राग.

तुझा,
शिवहार

ता. क. निरोप एकदाच जावा म्हणून स्क्रिप्टमध्ये कुठं काय लिहायचं, ते कागदावर लिहून लवकर पाठव. मोकळ्या जागा मोजून लिही.

ता. क. (दुसरी) डॉक्टरसाहेबांनी हिंगोलीला कुणापाशी तरी माझं नाव घेतलं. आणखी अकरा गावांसाठी असंच करायला पोरगं पाहिजे म्हणतात, शुक्रवारी बोलावलंय. ही सर्व्हिस कुणी लिहिली विचारलं, तर माझ्या तोंडून 'मीच' निघून गेलं. तुला कुणाचा फोन आला, तर कॉम्प्युटरमधलं तुला काहीएक कळत न्हाई असं सांग. एवढं एक कर, अक्का.