लवाद समाचाराला गेला

सर्वण, २ मार्च १९८७
शेवटची बैठक उरकली. खाणवाल्यांचं म्हणणं: धारगळच्या बाबलोने ट्रकवर ताडपत्री घातली नाही, अवकाळी पावसात खनिज भिजलं, जपानी गिऱ्हाइकाने नाकारलं, म्हणून वाहतुकीचं कंत्राट रद्द. बाबलोचं एकच वाक्य: "माझो दोष नाय." पुरावा शून्य. सावंतवाडीकडून येऊन ट्रकांचा धंदा उभा केला, पण स्वतःसाठी तोंड उघडायचं म्हटलं की दातखीळ. मी एकटा लवाद. जन्मभर माल तपासला म्हणून दोघांनी मिळून मला नेमलं. हौस कसली, ओझंच.

९ मार्च
बाबलोची आई गेली. निवाडा व्हायचा असताना एका पक्षाच्या घरी एकट्याने जाऊ नये. हिला तसं सांगितलं, तर जायला परवानगी कसली म्हणून उसळली: "मरणाक वचपाक कोर्टाची परवानगी जाय?"
गेलो. बाबलो हात धरून रडला. मग मधेच, "ताडपत्री खाणीच्या मुकादमानच काढूक लायल्यान, सायबा. माल खाणीवरच भिजलो."
बैठकीत का नाही बोललास?
"माका कोणी इचारूकच नाय."
मीही नव्हतं विचारलं. उद्या दोघांनाही पत्र घालून बैठक पुन्हा लावायची, मुकादमाला बोलवायचं.

२१ मार्च
पत्र घातलं नाही. तुम्हाला हे कुणी सांगितलं, असं खाणवाले विचारणार.
मुकादमाला ओळखतो. बाबलो खरं बोलतोय. निवाडा त्याच्या बाजूने दिला. कारणं लिहिली नाहीत. कायद्याने लिहावीच लागत नाहीत. हायसं वाटलं. मग लाज वाटली.

३० मे
गोवा राज्य झालं. डिचोलीत फटाके, हिने शिरा केला.
कालच नोटीस आली. निवाड्यावर कोर्टाचं शिक्कामोर्तब व्हायच्या आत खाणवाल्यांची हरकत: लवादाचं गैरवर्तन, गुपचूप धारगळला गेला. राजभाषा मराठी की कोंकणी म्हणून इथे डोकी फुटली, नोटीस इंग्रजीत.

११ जून
बाबलोचे वकील भेटले. म्हणाले, याच मालावरून जपानी गिऱ्हाईक आणि खाणवाले यांच्यातला निवाडा परदेशात झाला. त्याला कायदा वेगळा, इथलं कोर्ट तो फारसा उकरत नाही. आमचा घरचा, चाळीस सालच्या कायद्याखालचा. त्याची मात्र झडती. मान जावयाला, झडती घरच्याची!
वकिलांना माझं प्रतिज्ञापत्र हवंय. "फक्त समाचाराला गेलो, एवढंच लिहू." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

१८ जून
बाबलो आला. अंगणातच उभा, आत येईना.
"तुमी येऊकच नको होता."
मग, "कंत्राट परत नाय गावला तर ट्रक इकून गावाक जातलंय."
जाताना म्हणाला, "खोटा बोलू नकात, असा तुमका सांगूक व्हया. पण तोंडातसून येत नाय."
त्याचा राग आला. माझा जास्त.

२३ जून
प्रतिज्ञापत्र टंकून आलं. उद्या अकराला कोर्ट. चौथं कलम: 'प्रकरणाविषयी काहीही बोलणे झाले नाही.'
निवाडा बरोबर आहे. देवासमोर सांगेन. तो बरोबर आहे हे मला कसं कळलं, तेवढंच सांगता येत नाही. सांगितलं तर निवाडा जातो, बाबलो जातो. नाही सांगितलं तर उरतो मी, या वाक्यासकट.
हिने आतून विचारलं, "सही केली?"
म्हटलं, पेन शोधतोय.
पेन खिशालाच आहे.