त्याला कुठे ठेवायचं

बाई,

आठवड्यापूर्वी पोर्तुगालहून सुनेचं पार्सल आलं. आमच्या मुलाचा निळा लोकरी स्वेटर, त्याचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ, ऑलिव्हच्या तेलाची एक बाटली, नातीने रंगवलेला कागद आणि सुनेचं पत्र. बाटली फुटली नव्हती. पोस्टमनने कस्टमचे म्हणून सहाशे चाळीस रुपये घेतले. ते किरकोळमध्ये लिहावेत की देवधर्मात, हे ठरेना म्हणून वहीत अजून घातलेले नाहीत. तुम्ही मला ओळखलंत की नाही कोण जाणे. मी रेवदंड्याची, मॅट्रिकच्या वर्गात खिडकीशी बसणारी, बाबांच्या वाडीतले नारळ पिशवीत घालून होडीने खाडीपलीकडे तुमच्या घरी यायची ती. तुम्हाला जाऊनही आता खूप वर्षं झाली. पण इंग्रजी अडलं की अजून तुमच्याकडेच तोंड वळतं, आणि या वेळी नुसतं इंग्रजी अडलेलं नाही.

मुलगा आधी दुबईला होता, मग पोर्तुगालला गेला. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागला, तिथलीच मुलगी केली. फोनवर म्हणायचा, "आई, इथे पावाला पाव आणि चावीला चावीच म्हणतात, मला घरच्यासारखं वाटतं." ज्या वर्षी विमानं बंद होती त्या वर्षी तो दुखण्यात गेला. सुनेने त्याला तिच्या गावातल्या कबरस्तानात ठेवलं. आम्ही इथे फोनच्या पडद्यावर बघितलं. तिकडे पाऊस होता, आणि कोणीतरी छत्री सुनेच्या डोक्यावर धरली होती, नातीच्या नाही, एवढंच माझ्या डोळ्यांत राहिलंय. अग्नी मिळाला नाही म्हणून आम्ही गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलं, देह मिळत नसेल तर दर्भाचा करतात. मग खाडीच्या काठावर दर्भाचा मुलगा केला. त्याला हात होते, पाय होते, डोक्याच्या जागी नारळ. त्याच्या बापाने त्याला अग्नी दिला. गवत ते, किती वेळ जळणार. माझं रडू सुरू होईपर्यंत तो संपलासुद्धा.

आता सुनेचं पत्र. तिला इंग्रजी जेमतेम येतं, मला मॅट्रिकपुरतं. ती लिहिते की ईस्टरनंतर त्याला 'रेज' करणार आहेत, वेळ झाली आहे. 'रेस्ट' तिच्या वडिलांजवळच्या लहान कप्प्यात ठेवता येईल, नाहीतर जाळून तुमच्याकडे पाठवता येईल. तुम्हाला जे 'राइट' ते मला राइट. लवकर सांगा. मी ते उभ्यानेच वाचलं. रेज म्हणजे वाढवणं, रेज म्हणजे पिकवणं, रेज म्हणजे मेलेल्याला उठवणं, हे सगळं तुम्हीच फळ्यावर लिहून दिलेलं. त्यातलं त्या लोकांना काय करायचंय ते मला लगेच कळलं आणि कळायला नको होतं.

हे ओटीवर सुपारी कातरत होते. विचारलं, "काय लिवलंय?"

"त्याला काढणार म्हणतात."

"काढणार म्हंजे? भाड्याची खोली हाय काय ती?"

"तिकडे रीत आहे तशी, लिहिलंय तिने. जागा कमी पडते. काही वर्षांनी अस्थी उचलून कप्प्यात ठेवतात."

"मग पयलंच सांगायचं व्हतं," असं म्हणून यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. "तुझी सून," म्हणाले. चांगलं काही असलं की ती आमची सून असते.

दोन दिवस मलाही तसंच वाटलं, की परकी बाई, हिला काय त्याचं. पूजेला बसले तरी मनात तेच. देवाला फूल वाहायचं आणि तिला बोल लावायचा. तिसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालताना एकाएकी तुमच्या वडिलांचा रविवार आठवला.

तेव्हा पूल नव्हता. मी होडीने येते, नारळ तुमच्या स्वयंपाकघरात ठेवते. तिथे सिरक्याचा वास आहे, चुलीवर कालवण आहे, तुमची आई पाटावर बसून लसूण सोलते आहे. तुम्ही म्हणता, "चल, आज शिकवणी नाही. चर्चमागे जायचंय." मला वाटतं फुलं वाहायची असतील. तिथे एक माणूस तुमच्या वडिलांची जागा उकरून उभा असतो. तो एकेक अस्थी वर देतो आणि तुम्ही जुन्या धुतलेल्या सुती साडीच्या तुकड्याने ती पुसता, अगदी तान्ह्या मुलाचं अंग पुसावं तशी, आणि तुमच्या घरच्या भाषेत काहीतरी बोलत राहता. मी लांब आंब्याखाली उभी. सोवळ्याओवळ्याच्या घरातली मुलगी मी, तोंडावर पदर धरून. परत येताना धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही काय म्हणत होतात?" तुम्ही हसलात. "म्हटलं, पप्पा, जरा सरकून बसा, मम्मीलाही जागा लागेल. आयुष्यभर खाटेवर आडवे झोपले ते." घरी गेल्यावर आईने मला दारातच डोक्यावरून अंघोळ घातली आणि पुन्हा महिनाभर होडीत बसू दिलं नाही.

तेव्हा कळलं की सून त्याला हाकलत नाहीये. ती फडकं हातात घेऊन उभी आहे आणि मला विचारते आहे, पुढे काय. मग मी लिहायला बसले. बाई, तुम्ही असतात तर हे काम तुमचंच होतं. इंग्रजी तुमचं, आणि घरी तुम्ही जे बोलायचात ते पोर्तुगीज लोक मागे ठेवून गेले तेच. मी इथे इंग्रजीत लिहिते, फोनवर त्याचं पोर्तुगीज करते, आणि तुम्ही गणिताचा ताळा करायला लावायचात तसं ते पोर्तुगीज परत मराठीत करून बघते. सरळ मराठीतून केलं तर आणखी गोंधळ होतो, 'तेरावं' लिहिलं तर नुसता आकडा जातो. पण ताळा काही जमत नाही. लिहिलं की त्याला रेस्ट मिळू दे, तर बरोबर आलं, आराम. खाली लिहिलं की रेस्ट आमच्याकडे पाठव, तर परत आलं, आराम आमच्याकडे पाठव. तिकडे आरामाला देश्कांसू म्हणतात आणि उरलेल्याला रेश्तू. त्यांनी दोन वेगळे शब्द ठेवलेत, शहाणे लोक. इंग्रजांनीच का एकात कोंबलं? लिहिलं की खाडीच्या बँकवरून आम्ही त्याला सोडू, तर परत आलं की पैशांच्या बँकेतून. यांना वाचून दाखवलं तर कितीतरी दिवसांनी हे हसले. म्हणाले, "ठेव त्याला बँकेत. व्याज तरी मिळंल." 'ॲश' लिहिलं तर राखेऐवजी कुठल्याशा झाडाचं नाव आलं. 'स्टिल' लिहिलं, की आम्ही त्याला अजून रोज पान वाढतो, तर आलं की तो हलत नाही, त्याला आम्ही पान वाढतो. ते मी ताबडतोब खोडलं.

तुम्ही एकदा मला वर्गात उभं केलं होतंत. धड्यात 'स्प्रिंग' होतं, डोंगरातल्या झऱ्याचं, आणि मी वसंत ऋतूतून पाणी वाहवलं. सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, पण बोललात ते लागलं. "शब्दाला काय विचारतेस? कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, त्यांना विचार. सगळं शब्दावर टाकून तू मोकळी होतेस." ते मी इतकी वर्षं जपलं, किराणावाल्याच्या बिलातसुद्धा. म्हणून आता बोलणारी कोण ते बघते. बोलणारी मी. ऐकणारी ती. तरी काही सरळ होत नाही.

कारण तिला दर्भाचं ठाऊक नाही. आम्ही त्याला एकदा जाळलं आहे, हे तिला कसं सांगू? 'आम्ही त्याला गवताचा करून जाळलं,' हे कुठल्या इंग्रजीत लिहिलं म्हणजे तिला वेडेपणा वाटणार नाही? गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, अग्नी एकदाच, पण अस्थी आल्या तर विसर्जन करता येईल, हरिहरेश्वरला घेऊन या. म्हणजे वाट आहे. पण कावळ्याचंही तिला ठाऊक नाही. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. दिराने म्हटलं, घराचं बघू. नाही शिवला. मी म्हटलं, तुझ्या बाबांना जपेन. नाही शिवला. मग यांनी, ज्यांनी लग्नाचं कळल्यापासून त्याच्याशी सरळ बोलणं टाकलं होतं, हात जोडून मोठ्याने म्हटलं, "तुझ्या पोरीचं आमी बघू रं." आणि माडावरून तो उतरला.

तो शब्द यांनी दिला आणि निभवायचा कसा ते कोणालाच ठाऊक नाही. नात पोर्तुगीज बोलते. दर रविवारी सून तिला बापाकडे घेऊन जाते. ती तिथे काही ना काही ठेवते, शिंपला, चॉकलेटचा कागद, शाळेत मिळालेला तारा. पार्सलातल्या कागदावर तेच चित्र आहे. मी अस्थी मागवल्या तर ती रविवारी कुठे जाणार? नाही मागवल्या तर तो कायम परक्या मातीत, भिंतीतल्या कप्प्यात, आणि मी इथे दर अमावास्येला गवताच्या पोराच्या नावाने पाणी सोडत राहणार. हे सकाळी म्हणतात, "ऱ्हाऊ दे तिथंच, पोर हाय त्याची तिथं." दुपारी जेवताना घास हातात धरून म्हणतात, "आण त्याला. खाडी बघितल्याबिगर झोप यायची न्हाय त्याला." मी म्हणते, "एक काय ते सांगा, मला लिहायचंय." तर म्हणतात, "मॅट्रिक तू झालीस. मी चौथी."

काल नातीचा आवाज आला फोनवर. बरंच बोलली. त्यातला पहिला शब्द मला कळला, आव्हॉ, आजी. तुमच्या आईला शेजारची पोरं असंच काहीसं हाकारायची, निदान आता मला तसं वाटतं. पुढचं फोनने मराठीत करून दिलं, की आजी, बाबा मोठ्या घरातून लहान घरात जाणार आहेत, त्यांना थंडी वाजेल का? मी उत्तर म्हणून आवाज पाठवायचा तो हिरवा गोल बोटाने दाबून धरला आणि मग सोडला. तिच्याकडे माझा श्वास गेला असेल. तेवढाच.

बाई, पत्राचे चार कच्चे कागद झाले, कॅलेंडरच्या पाठीवर. दोनांत त्याला पाठव लिहिलंय, दोनांत ठेवून घे लिहिलंय. चारही मी ताळा करून घेतले आहेत. आता एकही शब्द कुठे घसरत नाही, तुम्ही पूर्ण गुण द्याल असं इंग्रजी झालं आहे. ईस्टर जवळ येतोय आणि चारही इथेच आहेत, देवघराच्या खणात. हे तुमचं पत्रही त्यांच्याबरोबरच जाईल, दुसरीकडे कुठे जाणार.

एक सांगते आणि संपवते. हे पत्र मला तुम्हाला लिहायचं नव्हतं, त्याला लिहायचं होतं. 'बाळा' एवढं लिहिलं की हात थांबतो, म्हणून 'बाई' लिहिलं. तुम्ही आहात तिथे तो असेल तर त्याला माझी ओळख सांगा. त्याच्याशी मराठीत बोला, तुमच्या घरच्या भाषेत बोला, त्याला दोन्ही समजेल. पोरीजवळ राहतोस की खाडीला येतोस, एवढं त्याला नीट विचारा, आणि जे म्हणेल ते उलट टपाली कळवा.