कानातली बोंडं

दि. ३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सोबत एक खोकं पाठवते आहे. त्यात काडेपेटीपेक्षा जरासं मोठं यंत्र आहे, गाणी ऐकायचं. कशाला हे उपद्व्याप असं म्हणून कपाटात टाकू नकोस. आमच्या हॉटेलातल्या काउंटरवरच्या दादाने स्वतःसाठी नवीन घेतलं आणि हे जुनं मला दिलं. बाबांच्या आवडीची गाणीही त्यानेच भरून दिली.

मागच्या आठवड्यात तू चक्कर येऊन शिवणमशीनवरच कोसळलीस, हे मला तुझ्याकडून नाही, बाबांचा व्यायाम घेणाऱ्या ताईंकडून कळलं. उजवी बाजू लुळी पडल्यापासून बाबा दिवसभर हाका मारतात आणि तू दिवसभर उठबस करतेस. पाणी दे, उशी सरळ कर, खिडकी लाव, खिडकी उघड. डॉक्टरांनी तुला दुपारची झोप औषधासारखी घ्यायला सांगितली आहे आणि तू ती बुडवतेस. मी अजूनही म्हणते, बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवू या. तू नको म्हणतेस. ठीक आहे, मग महिनाभर हे यंत्र वापरून बघ. बाबा गाण्यात रमले आणि तू झोपलीस, तर मी केंद्राचं नाव काढणार नाही. नाहीतर मात्र तुझं ऐकणार नाही.

आधी यंत्र चार्ज कर. लाल दिवा हिरवा झाला की वायर काढ, मधलं बटण जरा वेळ दाबून धर आणि कानात घालायची ती दोन बोंडं बाबांच्या कानात घाल. एक विसरू नकोस, गाणं लागलं की थोड्या वेळाने पडदा काळा होतो. बंद पडलं समजून बटणं दाबत बसू नकोस, आत गाणं चालूच असतं.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तुमची एकच खोली, बाबांचे कान तिखट, आणि केंद्राचा विषय त्यांच्या देखत नको. इथे माझं बरं चाललं आहे. दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभं राहून पाय सुजतात, पण चादरींच्या घड्या घालताना निदान कोणी बोलायला येत नाही.

कळावे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
टिंब


दि. ११ फेब्रुवारी

चि. टिंब हिला अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. यंत्र काही सुरू झालं नाही. दिवा हिरवा झाला, बटण दाबून धरलं, तर पडद्यावर एक कुलूप आलं आणि गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा कुलूप. माझा जन्म मशीनवर गेला, सुईत दोरा मी न बघता ओवते, आणि या बोटभर वस्तूने मला दारातच उभं केलं. ह्यांनी पलंगावरून अक्कल शिकवायला सुरुवात केली. उलटं धर म्हणाले, मग ठोकून बघ म्हणाले. सगळ्या बाजारपेठेच्या पाट्या ह्यांनी रंगवल्या, पण घरातला रेडिओ कधी ह्यांच्या हातून धड लागला नाही, हे तुला माहीत आहे. शेवटी लेकीने पाठवलं आहे तर उशीखाली तरी राहू दे म्हणाले. ठेवलं. मग ते टोचतंय म्हणून हाक मारली.

केंद्राचं लिहिलंस ते वाचलं. माझं उत्तर तेच आहे. माणूस म्हणजे दुरुस्तीला टाकायचा कोट नव्हे.

थकले आहे हे मात्र खरं. ह्यांची हाक आली की आधी राग येतो आणि मग पाय उठतात. पूर्वी पाय आधी उठायचे. हे तुला लिहिते, ह्यांना सांगणार नाही.

पाय गरम पाण्यात ठेवत जा. लोभ वाढव, कामाचे तास वाढवू नकोस.

तुझी आई


दि. १६ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

चूक माझी. यंत्राच्या कडेला नखाएवढी पट्टी आहे. खिशात असताना बटणं आपोआप दाबली जाऊ नयेत म्हणून ती सरकवून ठेवतात. मी पाठवताना सरकवली आणि तुला सांगायचं विसरले. पट्टीशेजारी नारिंगी रंग दिसत असेल. तो झाकला जाईपर्यंत ती उलट्या बाजूला सरकव, की कुलूप सुटलं. ठोकू नकोस, आणि बाबांनाही ठोकू देऊ नकोस.

आवाज सुरुवातीला बारीक ठेव आणि मग त्यांना विचारून वाढव. यंत्र जुनं आहे, बॅटरी कितपत तग धरते कोण जाणे, तेव्हा रोज झोपताना चार्जिंगला लावत जा.

घाईत आहे, कामाची पाळी सुरू होते आहे. राग नसावा, असला तर पत्रातून पाठवावा.

तुझी,
टिंब


दि. २४ फेब्रुवारी

चि. टिंब हिला अनेक आशीर्वाद.

लागलं बाई एकदाचं! पट्टी सरकवली, बटण दाबलं, गाण्यांची नावं आली. बोंडं कानात घातली तर आधी ह्यांनी तोंड वाकडं केलं, आणि मग ओरडलेच की वाजवणारे सगळे डोक्यात येऊन बसले आहेत. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ना, त्यामुळे इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारीण हातातलं लाटणं घेऊन धावत आली. मग डावा हात पांघरुणावर ताल धरायला लागला. पडल्यापासून मी ह्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

मी मशीनमागच्या चटईवर जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं आणि मला कोणी हाक मारली नव्हती. तेव्हापासून रोज झोपते. अंगातला शिशासारखा जडपणा गेला आहे. तुंबलेली शिवणं संपत आली. तू म्हणालीस महिना, तर होऊ दे महिना पुरा, पण केंद्राचं नाव आता विसर.

त्या काउंटरवरच्या दादाला माझा आशीर्वाद सांग. त्याला पँट आखूड करून हवी असेल तर माप पाठव. आहे तसं प्रेम राहू दे.

तुझी आई


दि. १९ मार्च

चि. टिंब हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पुष्कळ दिवस झाले, उत्तर द्यायला हात उचलला नाही. आता लिहिते ते मन घट्ट करून लिहिते. केंद्रात जागा आहे का ते विचार.

हे आता मला हाकच मारत नाहीत. सकाळी अंग पुसलं की बोंडं कानात, ती संध्याकाळच्या चहापर्यंत. डोळे मिटून पडलेले असतात. मी जवळ जाऊन उभी राहिले तर डोळे उघडतात, पाहुण्याकडे बघून हसावं तसं हसतात आणि डाव्या हाताने खूण करतात, जा, झोप. पाणी विचारलं तर नको. खिडकी विचारली तर राहू दे. मी चटईवर पडते पण डोळा लागत नाही, कान तिकडेच असतात. परवा तर मुद्दाम कात्री खाली पाडली. केवढा आवाज झाला, पण हे ढिम्म.

हाका मारायचे तेव्हा मी वैतागायचे, आणि आता हाक येत नाही म्हणून रडू येतं. मला वेड लागलं म्हणशील. पण माझी समजूत होती की ह्यांना मी लागते. ह्यांना करमणूक लागत होती, ती मिळाली. यंत्रावर राग काढावा तर ते तू पाठवलेलं. बोंडं केंद्रातही कानात घालता येतील, तिथे निदान मला ते बघत बसावं लागणार नाही. तू जिंकलीस. गाडी ठरव आणि तारीख कळव. ह्यांना मीच सांगेन.

जास्त लिहवत नाही. आशीर्वाद आहेतच.

तुझी आई


दि. ३१ मार्च

चि. टिंब, आशीर्वाद.

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताचं आहे. ताई व्यायाम म्हणून रोज दोन-चार ओळी लिहून घेतात. त्या ओळींतूनच हे पत्र केलं. ताईच टपालात टाकतील. आईला कळू देऊ नकोस.

यंत्र झकास आहे. पण दुपारच्या जेवणापर्यंतच चालतं. मग बारीक आवाज होतो आणि गप्प. पहिल्या दिवशी तसं झालं तेव्हा मी हाक मारणारच होतो. बघतो तर तुझी आई चटईवर तोंड उघडं टाकून झोपलेली. मी पडल्यापासून तिला दिवसा झोपलेली बघितलीच नव्हती. मग बोंडं तशीच राहू दिली. पडदा एरवीही काळाच असतो, त्यामुळे तिला पत्ता लागत नाही.

रोज तसंच करतो. डोळे उघडे दिसले की ती काय हवं विचारायला उठते. म्हणून मिटून घेतो. मध्यंतरी तिच्या हातून कात्री पडली. दचकलो, पण हललो नाही. शिडीवर पाटी रंगवताना हीच सवय होती, खालून कोणी काही आदळलं तरी ब्रश हलू द्यायचा नाही.

परवा ती म्हणाली, पंधरा तारखेला केंद्रात जायचं, गाडी ठरली आहे. मी बरं म्हणालो. तिला झोप मिळत असेल तर जाईन. काम करून करून ती झिजली आहे. मला दिसतं.

एक विचारायचं होतं. तिथून घरी हाक मारता येते का? म्हणजे फोन असतो का? मला सवय आहे. पाणी बहुतेक वेळा नकोच असतं. ती खोलीत आहे ना, एवढंच बघायचं असतं.

हात दुखला. थांबतो.

तुझे बाबा


दि. ५ एप्रिल

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र बाबांच्या पलंगावर बसून मोठ्याने वाच. आधी त्यांच्या कानातली बोंडं काढ. दुपार टळली असेल तर ती मुकीच आहेत आणि बाबांना सगळं ऐकू येतं आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर सोबत बाबांचं पत्र जोडलं आहे, तेच आधी वाच. मी थांबते.

वाचलंस?

बाबा, तुम्ही सांगू नकोस म्हणालात आणि मी सांगितलं. माझ्यावर चिडा. मीही तुमच्या दोघांवर चिडले आहे. एक गाणी ऐकायचं सोंग घेतो, दुसरी झोपेशिवाय पडून राहते, दोघंही एका खोलीत, आणि एकमेकांचं गाऱ्हाणं टपालाने माझ्याकडे येतं. आज चादरी भिजवायला माझे डोळे पुरले असते.

केंद्रातली जागा मी सोडली, गाडीलाही नको म्हणून कळवलं. पण आईची झोप मी सोडणार नाही. मला पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे, येत्या रविवारी पोचते. दुपारी येणारी बाई बघून देऊनच परत फिरेन. तोवर एक कर. शेजारणीच्या मुलांना हाताशी घे आणि मशीनमागची चटई गुंडाळून कोपऱ्यातली खाट बाबांच्या डाव्या हाताला लाव. दोन्हींच्या मध्ये जागा ठेवू नकोस. ती खोलीत आहे की नाही हे त्यांना हात लांबवून बघता येईल, तुला उठायला नको.

भेटीपर्यंत लोभ एकमेकांवर करावा, उरला तर मला.

तुमची,
टिंब


दि. ९ एप्रिल

चि. टिंब हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आधी मी ह्यांच्याशी कडकडून भांडले. काय बोलले ते लिहीत नाही. हे मान खाली घालून ऐकत होते. मग माझा आवाज गेला आणि ह्यांनी पाणी दिलं, डाव्या हाताने, निम्मं माझ्या अंगावर सांडलं.

खाट लावून घेतली. दुपारी आडवी झाले तर लगेच ह्यांनी हाक मारली. मी हातभर अंतरावर होते, तरी मारली. मी ओ दिली. त्यापुढे ह्यांना काही नकोच होतं. चहाला पार अंधार पडायची वेळ झाली, दोघांनाही जाग आली नाही.

रविवारी जपून ये.

तुझी आई