डोरीनच्या ओसरीवरची हवा

मी, विनिफ्रेड हॅलोरन, वय वर्षे ७९, निवृत्त रसायनतज्ज्ञ, राहणार पश्चिम ऑकलंड, गुडघे गेलेले पण डोके जागेवर असताना, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझा हवा ओढणारा पंप पुतण्या ग्रॅहम यास. त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, म्हणूनच. साक्षीदार व्हायला फार उतावीळ होता, "काकू, मी आहे ना!" साक्षीदाराला मृत्युपत्रातून छदामही मिळत नाही, असे सांगताच त्याला दंतवैद्याची आठवण झाली.

२. धाकटी बहीण डोरीन हिच्याबद्दल खरे लिहिणे भाग आहे. २००२ साली झाडे खाणाऱ्या अळ्या मारायला विमानाने आमच्या छपरांवर जिवाणूंचे औषध फवारले. त्यात मिसळलेल्या पदार्थांची वाफ हवेत किती उतरते, ते मोजायचे काम माझ्याकडे होते. डोरीन म्हणे, "ताई, आंबूस वास येतो गं, घसा जळतो." वर भर चर्चमध्ये म्हणाली, की ताई म्हणजे विमानवाल्यांच्या ताटाखालचं मांजर! मग मी तिच्याच ओसरीवर पंप लावला. हवा धरणाऱ्या नळीवर तारीख तिनेच घातली. प्रयोगशाळेत मात्र मी ती पाठवली नाही. तुलनेसाठी नेलेली, कधीच न उघडलेली कोरी नळी तिच्या नावाने पाठवली. शाळेच्या हॉलमध्ये उभी राहून वाचले, "काहीही आढळले नाही." लोक खो खो हसले. "डोरीनबाई, आधी नाक तपासून घ्या!" त्यानंतर कुठलाही वास आला, की ती शेजारणीला विचारते, "तुम्हालाही येतो का हो?" घरात गॅस गळत होता तेव्हाही विचारायलाच गेली होती.

३. खरी नळी माझ्या फ्रीजरमध्ये, वाटाण्यांखाली आहे. ती डोरीनला. इतक्या वर्षांनी तिच्यातून काहीही निघणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे.

४. भरपाई म्हणून माझे राहते घर, बागेसह, डोरीनला. काही कारणाने तिला ते मिळू शकले नाही, तर विकून पैसे विमान उडवणाऱ्यांच्या क्लबला द्यावेत.

डोरीन आत चहा करते आहे. घर तुला देतेय म्हटल्यावर हमसून रडली. "ताई, किती चांगली गं तू!" कागदावर सही ती न वाचताच करील. माझ्या एका शब्दावर जिने स्वतःच्या नाकावरचा विश्वास सोडला, ती कागद कशाला वाचेल?

स्थळ: ऑकलंड. दिनांक: ६ ऑगस्ट २०१९.

विनिफ्रेड हॅलोरन (सही)

आम्हां दोघांसमक्ष सही झाली. साक्षीदार:
१. आर्थर पिल्बीम, शेजारी (सही)
२. डोरीन मॅकाय, बहीण (सही)